कणी-कोंडा कांडणारीचा

परवा भोरात भाताच्या गिरणीचा कसलासा समारंभ झाला. मांडव, हारतुरे, पेढे, सगळं यथासांग. एका विद्वान गृहस्थांनी उभं राहून सांगितलं, की या गिरणीनं आपलं गाव नावारूपाला आणलं आणि बायकांच्या हातातलं मुसळ सोडवलं. टाळ्या पडल्या. मी मागं बायकांत बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मुसळ सोडवलं म्हणे! याच गृहस्थांच्या परसात माझ्या सासूनं वर्षानुवर्षं भात कांडलं. तेव्हा यांना किंवा यांच्या वडिलांना त्या मुसळाची कधी दया आलेली मी पाहिली नाही.

भोर तेव्हा संस्थानचं गाव. वरच्या आळीत कारकून, वकील, मास्तर यांची घरं. त्यांच्याकडे हिर्डोशीच्या खोऱ्यातून भाताची पोती यायची आणि आम्ही खालच्या आळीतल्या बायका ती कांडून द्यायचो. मी लग्न होऊन हिर्डोशीकडून इथं आले तेव्हा सासूबाई या कामात नावाजलेल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मुसळाचा घाव असा बेतानं टाकायच्या, की तूस निघावं, कोंडा सुटावा आणि दाणा मात्र अखंड राहावा.

यात एक गंमत आहे, ती वरच्या आळीला कधी कळली नाही. कांडपाची मजुरी अगदी थोडकी, पण कणी आणि कोंडा कांडणारीचा, तांदूळ मालकाचा, अशी रीत होती. म्हणजे दाणा जितका जास्त मोडेल तितकी कणी आमच्या पदरात जास्त. तरी आत्याबाईंनी एक घाव कधी मुद्दाम जोरात टाकला नाही. कणीसाठी दाणा मोडणारी बाई हलकी, असं त्या म्हणायच्या. मी नवी होते, मला वाटायचं, काय बिघडलं चार दाणे मोडले तर? आज म्हणते, मोडायला हवे होते. पोतंच्या पोतं मोडायला हवं होतं.

कारण आमचं घर कणीवर चालायचं. आमच्या भागात भात चांगलं पिकतं, पण पिकवणारा तांदूळ खातो थोडाच? तांदूळ विकायचा, नाहीतर पाहुण्याला शिजवायचा. आमच्या चुलीवर नाचणीची भाकरी आणि कणीची पेज. आषाढात नाचणी सरली की नुसती पेज. कोंडा म्हशीला. त्या दोन वस्तूंवर माझी दोन मुलं वाढत होती.

मग गिरणी आली. मालक बाहेरगावचा, बोलायला लोण्यासारखा. यंत्राची पूजा करायची तर भटजींबरोबर त्यानं आत्याबाईंनाही बोलावणं धाडलं. गावातली सगळ्यांत जुनी कांडपीण, तिच्या हातचं हळदकुंकू यंत्राला लागलं पाहिजे, असं म्हणाला. आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या, मीही बरोबर होते. यंत्राला हळदकुंकू वाहिलं. मालकानं त्यांना खण दिला, नारळ दिला, आणि सगळ्या प्रतिष्ठितांच्या देखत हात जोडून विचारलं, "मावशी, तुमच्याकडे कांडपाची रीत काय?"

आयुष्यात पहिल्यांदा चार मोठ्या माणसांत त्यांना कुणी काही विचारलं होतं. त्यांनी मान ताठ करून सांगितलं, "कणी-कोंडा कांडणारीचा. वाडवडलांपासनं हीच रीत हाय. त्यात कुनी हात घालत न्हाई."

"मग आम्हीही तीच पाळू," मालक म्हणाला.

घरी येताना आत्याबाई मला म्हणाल्या, "मानूस रीतीचा हाय गं." मलाही तसंच वाटलं. आम्ही शहाण्या असतो तर खण तिथंच ठेवून आलो असतो.

सुगी झाली, गाड्या गिरणीशी लागल्या, आणि मालकानं आपली रीत सुरू केली. आता कांडते कोण? गिरणी. मग कणी-कोंडा कुणाचा? गिरणीचा. दळणावळ वेगळी. शेतकऱ्यांनी डोकं खाजवलं. रीत तर हीच होती, सगळ्यांसमक्ष बोललेली. आणि वरच्या आळीतले शिकलेले लोक, ज्यांच्या जिभेवर कायदा नाचायचा, ते म्हणाले, "बरोबरच आहे की." मालकाचा मला राग येतो, पण तो व्यापारी होता, त्याची जातच ती. या लोकांचा राग माझ्यानं आजही गिळवत नाही. त्यांना पक्कं ठाऊक होतं, की ही रीत बाईच्या पोटासाठी होती. ठाऊक असून त्यांनी मान डोलावली, कारण तांदूळ लवकर आणि पांढराशुभ्र मिळत होता. कणी गाड्या भरभरून कापूरहोळच्या वाटेनं पुण्याकडे जायला लागली.

दोन सुग्यांत कांडप बंद पडलं. कणीचं मडकं रिकामं झालं, म्हैस विकली. मी गिरणीवर चाळणीच्या कामाला लागले. आम्ही दहाजणी होतो, सगळ्या जुन्या कांडपिणी. दिवसभर कणी चाळायची आणि तिला हात लावायचा नाही. संध्याकाळी फाटकाशी मुनीम स्टूल टाकून बसायचा. एकेकीनं त्याच्यापुढं उभं राहायचं, कमरेचा पदर सोडायचा आणि ओटी झाडून दाखवायची, कणी लपवलेली नाही म्हणून. परक्या पुरुषापुढं! हे मी घरी कधी सांगितलं नाही.

एका संध्याकाळी आत्याबाई टोपली डोक्यावर घेऊन फाटकाशी आल्या. माझ्या माहेरून आलेलं भात होतं. गुडघे धरल्यामुळं त्यांच्यानं उखळापाशी उभं राहवत नव्हतं. मालक तिथंच होता.

"शेट, भात गिरणीत टाकते," त्या म्हणाल्या, "पर माजा कणी-कोंडा मला द्या."

"मावशी, रीत तुम्हीच सांगितलीत. कांडणाऱ्याचा म्हणून. आता गिरणी कांडते."

"अवो, पर गिरणीला प्वाट हाय का? प्येज पिती का ती? पोरं हायती तिला?"

मालक हसला. मुनीम त्याच्याहून मोठ्यांदा हसला. तेवढ्यात आमची सुटी झाली आणि रांगेत पहिली मीच होते. मुनीम सवयीनं म्हणाला, "झाड."

समोर आत्याबाई. मी पदर सोडला आणि झाडला. पांढरी धूळ तेवढी उडाली. त्या बघत राहिल्या. मग टोपली खाली ठेवून पुढं आल्या.

"पोरी, पदर धर."

मी धरला. त्यांनी आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं माझ्या कपाळाला टेकवलं आणि टोपलीतल्या भाताच्या पाच ओंजळी माझ्या ओटीत घातल्या. मग मुनिमाकडं वळल्या. "सवाशिणीची ओटी भरली हाय. आता म्हन, झाड."

मुनिमानं मान खाली घातली. मालक उठून आत गेला. मागच्या बायकांपैकी एकीनंही त्या दिवशी पदर सोडला नाही, सगळ्या तशाच बाहेर पडल्या. मी दोन्ही हातांनी ओटी धरून घरी आले. मला वाटलं, आपण जिंकलो.

ते भात आत्याबाईंनीच कांडलं. बसून, कण्हत, मधूनमधून माझ्या हाती मुसळ देत. तांदूळ आणि कणी सगळं मिळून आठदहा दिवस पुरलं. या दिवसांत मी गिरणीवर गेले नाही. अकराव्या दिवशी धाकट्यानं पेज मागितली. आत्याबाई चुलीपुढं बसून होत्या, माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी पदर खोचला आणि गेले.

मुनिमानं कामावर घेतलं, काही विचारलं नाही. संध्याकाळी फाटकाशी स्टुलावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "झाड." मी झाडली. नीट झाडली नाही म्हणून त्यानं पुन्हा झाडायला लावली.