फळ्यावरची पहिली ओळ

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझी किडकी दाढ कुठली, चहात मी चोरून किती साखर घालतो, सगळं तिला ठाऊक — हे तेवढं नाही. तुम्ही रोज माझा फळा वाचता, म्हणून तुम्हालाच सांगतो. आणि ऐकताना 'अरेरे, बिचारे भाऊ' असलं काही म्हणायचं नाही. मला ते खपत नाही.

पोलादपुरात एसटीच्या थांब्यासमोर माझा छापखाना. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, हळदीकुंकवाची आमंत्रणं. दारात फळा. गेली वीस वर्षं रोज सकाळी त्यावर तीन गोष्टी लिहितो — हवामान, सणवार, इतिहास. सणवारात जरा गप्पा हाणतो. नारळीपौर्णिमेला आपल्यासारख्या डोंगरातल्या माणसांनी नारळ टाकायचा कुठं, असलं काहीतरी. इतिहासात घाटातल्या जुन्या चौकीची नाहीतर बुजलेल्या विहिरीची गोष्ट. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारी माणसं बसची वाट बघत वाचतात, फोटो काढतात, आणि तो फोटो मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत जातो.

पण तुम्ही काय इतिहास वाचायला थांबत होता? छे! तुम्ही पहिली ओळ वाचत होता. आज छत्री घ्यायची का, भात झोडायचं का, पापड गच्चीवर टाकायचे का. 'भाऊंचा फळा मोबाईलपेक्षा खरा' — हे कोण म्हणायचं? तुम्हीच ना? आणि मी नुसती मान डोलवायचो.

ती ओळ माझी नव्हती. एक दिवसही नव्हती.

ती चंद्राबायची होती. कापडे गावची चंद्राबाय — पहिल्या एसटीनं भाजीची टोपली घेऊन यायची आणि माझ्याच पायरीशी बसायची. नवरा गेलेला, मुलगा मुंबईत, घरी ती आणि सून. आंबेनळी घाटाच्या अंगाला धुकं कुठवर उतरलंय, ओढ्यातले खेकडे वर सरकलेत का, एवढं बघून ती सांगायची, 'भाऊ, आज दुपारून येतंय हां.' मी खडू उचलायचो. चौदा वर्षं. चौदा वर्षांत फळ्यावर तिचं नाव किती वेळा आलं? एकदाही नाही. ती चौथी शिकलेली, रोज फळा वाचायची आणि माझ्या इतिहासाला हसायची. नावाचं कधी बोलली नाही.

इथवर मी नुसता फुकटखाऊ होतो. पुढचं ऐका.

एकदा मी तिच्यापाशी उकिडवा बसून विचारत होतो, तेव्हा समोरच्या हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, 'काय भाऊ, वेधशाळा अळूच्या टोपलीत काय?' अख्खं हॉटेल खो खो हसलं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीनं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळं गाव ज्याला मानतं तो मी, आणि भाजीवालीला विचारून लिहितो?

दसरा होऊन गेला होता, भात पिकून पिवळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी चंद्राबाय टोपली उतरवतानाच म्हणाली, 'भाऊ, लोकांना सांगा, चार दिस भात कापू नका. पाऊस हाय.' आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मोबाईलमध्ये ऊन. ती चुकत नाही हे मला ठाऊक होतं — हे नीट ऐका, मला ठाऊक होतं — आणि तरी मी लिहिलं: 'आठवडाभर कोरडं. कापणी उरकून घ्या.'

तिनं वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन मशीन चालू केलं.

तुम्ही कापलंत. आपल्याकडे कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवतात. तिसऱ्या दुपारी तो आला आणि दोन दिवस हटला नाही. पसरलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. पायरीवर माणसं जमली, 'भाऊ, काय लिवलंत हे?' तेव्हा मी काय केलं? फळा पुसला आणि लिहिलं: 'सदर अंदाज कापड्याच्या चंद्राबाईंनी दिला होता. आम्ही विसंबलो. दिलगीर आहोत.'

आम्ही! वीस वर्षांत मी दुसऱ्या कुठल्या वाक्यात 'आम्ही' लिहिलेलं नाही.

आणि तिचं भात? तिनं कापलंच नव्हतं. ते वाकलं, पण वाचलं. चार दिवसांनी कापड्याचा एकजण पत्रिका छापायला आला, तो रंगवून सांगायला लागला. 'बेरकी बाय हो! लोकांना कापायला लावलं न् आपलं ठेवलं उभं.' तेव्हा तरी माझं तोंड उघडावं? उघडलं. मी म्हणालो, 'माणसाचं काही सांगता येत नाही.'

तिच्या वाडीत कापणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. त्या वर्षी चंद्राबायच्या शेतात कुणी आलं नाही. ती आणि सून, दोघींनीच कापलं. उशीर झाला, निम्मा दाणा शेतातच झडला. पुढच्या वर्षी लावणीलाही कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं वरचं शेत पडीक टाकलं.

ती मला एकदाच बोलली. टोपली उचलून रस्त्यापलीकडे जाता जाता. 'मी काय सांगितलं न् तुमी काय लिवलं, ते तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय. पन भाऊ, माजी सावड मोडली.' भांडली नाही. भांडली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते — होय, असाच आहे मी.

तेव्हापासून ती पलीकडे बसते. मी मोबाईल बघून लिहितो. तुम्ही 'हल्ली फळा चुकतो' म्हणता आणि तरी वाचता.

आता कुणी म्हणेल, भाऊ, एवढ्या वर्षांनी का उकरता? माझी मर्जी. कुणी म्हणेल, वय झालं, देवाची भीती वाटली असेल. अजिबात नाही. कुणी म्हणेल, हॉटेलवाल्यांनी चिडवलं म्हणून झालं. खबरदार! हात माझा होता, खडू माझा होता. मी तिची माफीही मागणार नाही. मागितली की चार लोक तिच्याच मागे लागतील, 'बाय, जाऊ दे आता, मोठं मन कर.' तिनं का करावं मोठं मन? तुम्हाला काय नावं ठेवायचीत ती मला ठेवा, तोंडावर ठेवा. फळा मी उतरवणार नाही. पत्रिका दुसरीकडे छापून घ्या, खुशाल.

पहिली एसटी यायला अजून वेळ आहे. आजचा फळा लिहून झालाय. बघा.

हवामान: मला कळत नाही. कधीच कळत नव्हतं.

सणवार: काही नाही.

इतिहास: सहा वर्षांपूर्वी याच तिथीला कापड्याच्या चंद्राबाईंनी सांगितलं होतं — भात कापू नका, पाऊस आहे. उलटं मी लिहिलं.