दोनतोंडीत पडलेला जीव

तोमोरी चोएइने गेल्या वर्षभरात तोंड पाण्यात घातलं नव्हतं. तोंड धुवायचं म्हणजे रुमाल ओला करून पुसायचा. डोकं धुवायचं तर मान मागे टाकून, डोळे टक्क उघडे ठेवून. आमच्या बेटावर वस्ती सहाशेची आणि त्यातल्या पाचशेनव्वदांना ही गोष्ट ठाऊक होती. उरलेले दहा तान्हे असावेत.

पाण्यावर पोट असलेल्या माणसाची ही गत. बाप खोल समुद्रात कुपा मासा धरायला जाणारा, आणि चोएइ तेराव्या वर्षी नुसत्या हाताने खडकाच्या कपारीतून झिंग्यासारख्या मोठाल्या शेवंडी ओढून आणायचा. पुढे पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राचा तळ बघायची हौस लोकांना लागली, तसा तो त्यांचा वाटाड्या झाला. जुनी शिडाची बोट घेतली, बायकोचं नाव फुमि म्हणून बोटीचं ‘फुमिमारू’. बायको गेली तेव्हा मुलगी साओरी सात वर्षांची होती. मग थोरली बहीण मित्सुए आपलं भात शिजवायचं पातेलं घेऊन आली ती राहिलीच. पोर वाढवली, बोटीवर स्वयंपाक केला, सुकाणू धरलं आणि भावाला येता-जाता बोल लावले. तीस वर्षांत चोएइने चार परक्या माणसांना पाण्याखालच्या अंधारातून ओढून जिवंत बाहेर काढलं होतं. वाघाचं काळीज, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातं म्हणायला.

ते काळीज कुठे गेलं, हे फक्त चोएइला माहीत होतं.

आमच्या जवळच्या उझा बेटाच्या उत्तरेला, पाण्याखाली बावीस मीटरवर, एक भुयार आहे. त्याला आम्ही दोनतोंडी म्हणतो. अलीकडचं तोंड बैल जाईल एवढं रुंद. पलीकडच्या तोंडातून माणूस जेमतेम सरपटत निघतो. गेल्या जूनमध्ये, पाहुण्यांना नेण्याआधी पाण्याची ओढ बघून यावी म्हणून बाप-लेक दोघंच उतरले होते. साओरी पुढे, तो मागे. आत तिच्या पायाने तळाचा गाळ उठला आणि तिचा दिवा दिसेनासा झाला. चोएइने सुरीची मूठ आपल्या टाकीवर आपटली. आमच्यात ही हाक असते. ऐकणाऱ्याने उलट ठोकायचं असतं. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा आपटली. काही नाही. आता आत जायचं, एवढंच काम उरलं होतं. आणि त्याच्या छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं झालं, आणि तो वळला. वळला आणि वर गेला. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही.

चार मिनिटांनी साओरी पलीकडच्या बाजूला पाण्यावर आली. “दिवा विझला होता,” एवढंच म्हणाली.

“मी दोरी आणायला वर आलो होतो,” तो म्हणाला.

दोरी बोटीवर होती हे खरं. पण त्याने तिला हात लावला नव्हता, हेही तितकंच खरं.

माणूस फार दचकला की त्याचा जीव जागच्या जागी गळून पडतो. सगळा नाही, त्यातला एक भाग. मग माणूस बावरल्यासारखा होतो, कॉफीत मीठ घालतो, दार वाजलं की उडतो. त्यावर उपाय एकच: जिथे पडला तिथले तीन खडे उचलायचे, त्याच्या सदऱ्यात बांधायचे आणि घरातल्या मोठ्या बाईने हाक मारून जीव परत बोलवायचा. चोएइची लक्षणं बघून मित्सुएने लगेच विचारलं होतं, “कुठं दचकलास?” आणि तो म्हणाला होता, “शिडी चढताना. लाटेनं आपटलं.” मित्सुएने शिडीशी बसून, पाण्याकडे तोंड करून हाका मारल्या. एकदा नाही, दर महिन्याला. जीव काही आला नाही. येणार कसा?

तेव्हापासून पाहुण्यांना घेऊन साओरी एकटी उतरायची आणि बाप वर बसून तिचे बुडबुडे मोजायचा. बुडबुडे दिसेनासे झाले की त्याच्या पाचावर धारण बसायची.

यंदाच्या जूनमध्ये ओसाकाचे साएकी नावाचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको पाच दिवसांसाठी बोटीवर आले. बेटामागून बेट करत जायचं, दिवसा पाण्याखाली, संध्याकाळी बोटीवर मासळी आणि तांदळाची दारू. दुसऱ्या दिवशी जेवताना डॉक्टर चोएइच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “कप्तान, तुमच्या दाढा फार झिजल्यात. झोपेत दात खाता?”

“माझी बहीण खाते. माझं डोकं,” चोएइ म्हणाला. सगळे हसले. मित्सुए मात्र हसली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे दक्षिणवारा उठला. आमच्याकडचा पावसाळा जूनमध्येच संपतो, त्याची खूणच ती. शिडं अर्धी उतरवूनही बोट कलंडत होती आणि साएकीबाई बादली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आडोसा मिळेल अशी एकच जागा होती, उझा बेटाची मागची बाजू. चोएइने नकाशा दोनदा उघडला, दोनदा मिटला. दुसरा आडोसा नकाशात उगवणार नव्हता. नऊ वाजता नांगर पडला. ओळखीचा काळा कडा समोर होता आणि पाणी कसं बशीतल्या चहासारखं निवांत होतं. ते निवांतपण बघूनच त्याने कड्याकडे पाठ फिरवली.

साओरी टाकीला नळी जोडत होती. “मी आधी एकटी जाऊन दोनतोंडीतली ओढ बघते. ठीक असली तर दुपारी डॉक्टरांना नेते.”

“नको.”

“का नको?”

“वारा आहे.”

“वारा वर आहे, बाबा. मी खाली चालले.”

“मग दुसरीकडे ने. प्रवाळ दाखव. कासवं दाखव. त्यांना काय कळतंय!”

“मला कळतंय,” डॉक्टर कोपऱ्यातून म्हणाले आणि बायकोने कोपर मारल्यावर गप्प बसले.

साओरीने पोहायचे रबरी वल्हीपट्टे पायात चढवले. “एकटी नको असं वाटतंय, तर तू चल.”

चोएइने नकाशा तिसऱ्यांदा उघडला. साओरी क्षणभर थांबली आणि मग शिडीकडे निघाली. तिची पाठ, पाठीवरची पिवळी टाकी, पाण्यात जाणारा पहिला पाय. ही आत जाणार आणि मी वर बसून बुडबुडे मोजणार. एखाद दिवशी मोजणं थांबणार आणि तेव्हाही मी इथेच बसलेला असणार. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्या भीतीपुढे बाकीची भीती लहान झाली.

“शिडीवर नाही पडला,” तो ओरडला. “ताई, माझा जीव शिडीवर नाही पडला! खाली पडला. दोनतोंडीच्या तोंडाशी.”

मित्सुए तांदूळ धूत होती. तिचे हात थांबले.

“साओरी आत होती. मी ठोकलं, तिनं उत्तर दिलं नाही. मी आत गेलो नाही. दोरी-बिरी काही नाही. मी घाबरलो आणि पळून वर आलो. पोरीला आत टाकून.”

साएकीबाईंनी बादली हळूच खाली ठेवली.

पहिली फुटली ती मित्सुए. “वर्षभर!” ती म्हणाली. “वर्षभर मी या शिडीला हाका मारत बसले होते! येणारे-जाणारे हसायचे, की म्हातारी लाटांशी बोलते. मेल्या, जीव बावीस मीटर खाली आणि मी हाका मारतेय वर! देवाला तरी खोटं बोलू नये माणसानं, आणि बहिणीला तर मुळीच नाही!” आणि बोलता बोलता तिने तांदळाच्या ओल्या हातानेच डोळे पुसले.

चोएइ साओरीकडे बघत होता. ती शिडीवर तशीच उभी होती, एक पाय पाण्यात. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, रडेल, असं त्याला वाटलं. ती वर आली, दुसरी टाकी ओढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “लाव.”

“मला जमणार नाही गं.”

“लाव. या वेळी तू पुढे. मी मागे.”

तिने त्याचे पट्टे आवळले, नळी तपासली, हवा तपासली. त्यानेच तिला शिकवलेल्या क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. मित्सुएने शिडाचे दोर ओढायच्या चरकाचा लोखंडी दांडा उपसला. खालच्यांना परत बोलवायचं तर त्या दांड्याने बोटीच्या बुडावर तीन ठोके द्यायचे, हा आमचा रिवाज. पाण्याखाली तो आवाज लांबवर जातो.

“तू खडे उचललेस की दिवा वर कर. तुझा उजेड दिसला की मी हाक मारते. आणि आता तिथं तरी खरं बोल,” ती म्हणाली.

पाणी तोंडावर आलं तेव्हा चोएइ किंचाळला. नळीतून फक्त बुडबुडे निघाले, एवढंच. पाच मीटरवर कान दुखले, दहावर त्याला उलटं फिरावंसं वाटलं, पंधरावर त्याने खरंच मान वळवली. मागे साओरीचा दिवा होता. स्थिर होता. वीसवर कडा काळा झाला आणि मग ते तोंड दिसलं, होतं तसंच, त्याचीच वाट बघत असल्यासारखं.

श्वास फार वेगाने चालला होता. असाच चालला तर हवा दहा मिनिटांत संपेल, हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणून श्वास आणखी वाढत होता. तोंडाशी वाळूत खडे होते. इथलेच उचलून परत फिरावं. कुणाला कळणार? पण तोंडाशी पडला हेही पुरतं खरं नव्हतं. त्या दिवशी तो हातभर आत गेला होता. हातभर आत गेला होता आणि मग वळला होता.

तो आत गेला. दिव्यापुढे गाळाचे कण तरंगत होते. छातीतली ती मूठ पुन्हा आवळली गेली. मागे वळून बघायची छाती होईना. साओरीचा दिवा तिथे नसला तर? डोळे मिटून त्याने तळ चाचपला, एक खडा घेतला. दुसरा घेतला. तिसरा हातातून निसटला आणि तो शोधताना त्याला रडू आलं. पाण्याखाली रडलं तर डोळ्यांवरच्या काचेच्या आत साचतं, दिसेनासं होतं. तेवढ्यात पाठीमागून उजेड त्याच्या खांद्यावरून पुढे आला आणि खडा दिसला. साओरी त्याच्या अंगावर येऊन टेकली होती, इतकी जवळ की तिचे बुडबुडे त्याच्या कानाला लागत होते. ती थोडी पुढे सरकली, वाकली, तिने काहीतरी चाचपलं, आणि मग त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. तोंडातून बाहेर येताच त्याने दिवा वर केला.

ठण्. ठण्. ठण्. वरून ठोके आले.

बोटीवर मित्सुएने त्याचा सदरा पसरून ठेवलाच होता. तीन खडे त्यात बांधले, गाठोडं त्याच्या छातीवर तीनदा फिरवलं आणि म्हणाली, “चोएइच्या जिवा, ये रे बाबा ये. भात शिजलाय, भाऊ घरी आलाय. तिथं गार आहे, इकडं ये.” मग कपाळाला मिठाचं बोट लावलं. वर्षात पहिल्यांदा चोएइला तो भात खावासा वाटला. साएकी डॉक्टर कधी हात जोडून बसले होते कुणास ठाऊक.

“झालं,” मित्सुए म्हणाली. “आता तरी दात खाणं बंद कर.”

साओरी अजून ओल्या कपड्यांतच बसली होती. तिने डाव्या हातातला मोजा काढला नव्हता. आता काढला, उलटा केला आणि फळीवर तीन खडे पडले.

“आत्या, माझाही बोलाव.”

मित्सुएला काही समजेना. “तुझा? तुझा कुठं पडला?”

“तिथंच. थोडा आत. गाळ जरा बसला आणि बाबांचे पाय परत जाताना दिसले, तेव्हा.” ती खड्यांकडे बघत बोलत होती. “दिवा नंतर विझला. ठोके मला ऐकू आले होते. दोन्ही वेळा. हात इतके कापत होते की मला उलट ठोकता येईना.”

चोएइने वर्षभर स्वतःचा पडलेला जीव कुरवाळला होता. आत अंधारात जी होती तिला तू दचकलीस का, असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. दर आठवड्याला पाहुण्यांना घेऊन ती हसतमुखाने खाली जात होती, आणि अर्धी तिथेच होती.

तो उठला, बोटीच्या खोलीत जाऊन तिचा सदरा घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने खडे बांधले. मित्सुए हाक मारायला सरसावली, तर तो म्हणाला, “मी मारतो.”

ही हाक बायकांनी मारायची असते. एरवी मित्सुए यावर भांड भांड भांडली असती. आज तिने लोखंडी दांडा त्याच्या हातात दिला.

चोएइ कठड्यावरून वाकला. इतका वाकला की त्याचं तोंड पाण्याला लागलं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने बोटीच्या बुडावर तीन ठोके दिले आणि मुलीचं नाव घेतलं. मग थांबून ऐकत राहिला.

मागे साओरीने गाठोडं सोडलं, त्यातला एक खडा घेतला आणि फळीवर उलट ठोकला. एकदा, आणि मग पुन्हा.