ना उजवा कौल, ना डावा

देवाची सेवा म्हणून रक्त दिलं आणि डोक्याला ताप करून घेतला! दत्तजयंतीला आमच्या लालबागच्या चाळीत मंडळाचं शिबिर होतं. नंतर रक्तपेढीतून बोलावणं आलं. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "पहिल्या चाचणीत एचआयव्हीचा संशय आलाय, दुसरीत काही स्पष्ट होत नाहीये. पॉझिटिव्ह नाही, पण निगेटिव्हही म्हणता येत नाही. काही आठवड्यांनी परत तपासू." अहो, मग आहे तरी काय? बाई न कंटाळता समजावत होत्या, की पहिली चाचणी मुद्दामच संशयी असते, बऱ्याचदा पुढे काही निघत नाही, आणि शिवल्याने तर हे होतच नाही. पण रोगाचं नाव ऐकल्यावर माझे कान बंदच झाले होते.

घरी लेक बाळंतीण. पहिला नातू, आणि मी त्याला हात लावेना. "आई, शिवल्यानं होत नाही गं! किती वेळा सांगू?" लेक रडकुंडीला यायची. मी तिच्यावर खेकसायची, नवऱ्यावर खेकसायची आणि सगळ्यात जास्त दत्तमहाराजांवर. तुझ्याच जयंतीला दिलं ना रे रक्त?

शेवटी गावच्या दिरांना ग्रामदेवतेला कौल लावायला सांगितलं. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला फुलं चिकटवून प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. परत तपासणीला रक्त देऊन मी बाकावर बसले होते, तेव्हा दिरांचा फोन आला, "वयनी, फूल पडूकच नाय."

"घ्या! फूल पडलंच नाही, म्हणजे देवाचाही रिपोर्ट अस्पष्ट!" मी ओरडलेच.

शेजारी एक अनोळखी म्हातारी बसली होती. ती खुदकन हसली. "गो बाय, फूल पडूक नाय म्हणजे देव नाय म्हणालो काय? त्येका अजून सांगूचा आसा. तवसर कोण घरातली चूल पेटवूची थांबता?"

समुपदेशक बाई वेगळं काय सांगत होत्या? पण मला ते माझ्या बोलीत ऐकायला हवं होतं बहुतेक. महाराजांनीच तिला तिथे बसवलं, असं मी मानते. तिचं नावही विचारायचं राहिलं. जिथे असेल तिथे सुखी राहो.

घरी आले, हातपाय धुतले आणि नातवाला उचललं. मेल्याने लगेच साडी ओली केली. लेक हसत हसत रडली, मीही रडले.

रिपोर्ट अजून यायचाय. चिडचिड काही गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण आता देवापुढे उभी राहिले की एवढंच म्हणते, महाराज, तो रिपोर्ट तुमच्याकडे ठेवा, मी बाळाला न्हाऊ घालते.