भावाचा उंबरा

त्याने माझ्या आईवर फवारा मारला. गुलाबपाण्याचा नाही. बाथरूममध्ये मारतात तो. तिच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. ताटातल्या अक्षता ओल्या झाल्या.

"माताजी, मच्छीवालों का दर्शन बाहर से है," तो म्हणाला. गळ्यात ट्रस्टचं ओळखपत्र, वय माझ्या मुलाएवढं.

"किसने बोला?" मी विचारलं.

"रूल है मॅडम. अंदर स्मेल आता है, लोग कम्प्लेंट करते हैं."

आई त्या दिवशी बाजाराला गेलीच नव्हती. सकाळी उटणं लावून न्हाली होती, ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं नेसली होती, केसांत अबोली होती. वास कुठून येणार? त्याला वास आला तो तिच्या कोळणीच्या लुगड्याचा. डोळ्यांनीच आला.

ज्या घराच्या दारात हे झालं, ते कुणाचं ते सांगते. आता दारावर 'महाराजांचे बालपणीचे निवासस्थान' अशी संगमरवरी पाटी आहे. आमच्या पाली कोळीवाड्याच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे आता लांबून लांबून गाड्या येतात. ते महाराज म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ, तिच्याहून लहान. तिने त्याला कडेवर घेऊन हे अंगण तुडवलंय. पुढे त्याने संन्यास घेतला. संन्याशाला नातं नसतं म्हणतात. आईने ते मानलं नाही. भाऊ नाही तर भावाचा उंबरा, म्हणाली. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती रस्ता ओलांडून समोर जायची, बंद दारापुढे बसायची आणि उंबऱ्याला ओवाळायची. गावात कुणी हसलं नाही. महाराज गेल्यावरही तिने ते सोडलं नाही.

यंदा दार पहिल्यांदा उघडं होतं. आईला एवढंच हवं होतं, एकदा आत जाऊन, चुलीजवळ तो बसायचा त्या जागेला ओवाळायचं.

उंबऱ्यावरून चूल दिसत होती. शेणाने सारवलेली, झेंडूच्या माळा घातलेली. वर पाटी: 'या चुलीवर नित्य सात्त्विक नैवेद्य शिजत असे.' मी ती आईला वाचून दाखवली. मागे रांग खोळंबली होती. "आगे चलो ना," कुणीतरी ओरडलं.

आई हलली नाही. मोठ्याने म्हणाली, "माजा भाव हाय त्यो."

मग धावपळ झाली. आतून एक विश्वस्त आले. पांढराशुभ्र झब्बा, चांगलं मराठी. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. फवारेवाल्या मुलाला दटावलं. मला वाटलं, झालं. सुटलो. खरंच बरं वाटलं मला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, तुम्ही तर आमच्या घरच्याच," ते म्हणाले. "पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर सत्कार करू तुमचा. फक्त आत जाण्याआधी ही साडी नेसा. लाइव्ह चालू आहे." त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली क्रीम रंगाची कोरी साडी माझ्या हातात दिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक विनंती. बाहेरगावचे भक्त आहेत. घरच्या खाण्यापिण्याचं काही बोलू नका."

फवारा बरा होता. तो निदान तोंडावर होता.

मी शहरात, इंद्रलोक वसाहतीतल्या एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. दिवसभर 'जी सर, जी मॅडम' करते. पाली म्हटलं की "अरे, वो मच्छीवाला गाव" ऐकते आणि हसून सोडून देते. त्या साडीसकट मी तिथे उभी राहिले आणि अंगाची लाहीलाही झाली. मी आईकडे पाहिलं. ती चुलीकडे बघत होती.

"ह्या चुलीवर माजे काकीनी बोंबलाचं कालवण रांदलंय," ती म्हणाली. "त्यो ताट चाटून खायचा. तवा त्यो देव नव्हता काय?"

विश्वस्त इकडेतिकडे बघू लागले. मी साडी त्यांच्या हातात परत दिली. "लुगडं बदलणार नाही. असल्याच लुगड्याचा पदर धरून तुमचे महाराज चालायला शिकले."

आईने तिथेच, उंबऱ्याबाहेर बसकण मारली. ओल्या अक्षता उंबऱ्यावर टाकल्या. निरांजन पेटवलं, नेहमीसारखं ओवाळलं. तोवर रांग थांबली. कुणी मोबाइल वर केले, कुणी तोंडं वाकडी केली. ओवाळून झाल्यावर तिने गुडघ्यावर हात टेकून उठत विचारलं, "चल, जायाचं ना?" आम्ही रस्ता ओलांडून घरी आलो.

आठवड्याने ट्रस्टचा माणूस आला. आमच्या अंगणात बोंबील वाळत घालायचे बांबू आहेत, ते काढा म्हणाला. भक्तांना वास येतो. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, काढणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बांबूंची आणखी एक रांग बांधली.

पुढच्या भाऊबीजेला आई उंबऱ्यावर थांबणार नाही. याच लुगड्यात आत जाईल, चुलीपर्यंत जाईल, भावाच्या जागेला ओवाळील. आणि त्या सात्त्विक पाटीखाली मी माझ्या हाताने वाटी ठेवीन. बोंबलाच्या कालवणाची, गरम.

फवारा तयार ठेवा.