बोल्ट आणि नळीमधली फट

आमच्या घरात सगळं वाढत्या मापाचं यायचं. वडील यंत्रमागावर, मिळकत तुटपुंजी. बूट दोन वर्षं पुरावेत म्हणून पुढे कापूस कोंबून मी शाळेत फटक-फटक जायचो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तोही ढगळ शर्टातच.

पुढे जर्मनीत झिंडेलफिंगेनला नोकरी लागली, नेमबाजीचा नाद लागला. क्लबच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून मी बायकोला घेऊन खास रायफल बनवून घ्यायला गेलो. कारागीर म्हाताऱ्याने विचारलं, "बोल्ट आणि नळीत फट किती ठेवू?" बोल्ट म्हणजे गोळी भरल्यावर नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा.

आयुष्यात एक तरी वस्तू मला नेमक्या मापाची हवी होती! मी छाती काढून म्हणालो, "कमीत कमी!"

"अहो, रायफल आहे ती, लोणच्याची बरणी नाही," बायको पुटपुटली.

म्हाताऱ्याने तितक्याच कमी फटीची एक रिकामी रायफल पुढे केली आणि आत चिमूटभर धूळ टाकली. "आल्झो, तर मग, बंद करा."

मी बोल्टचा दांडा ढकलला, रेटला, लालबुंद झालो. बोल्ट अर्ध्यावरच रुतला. बायको ओढणीत तोंड खुपसून खदखदत होती. मग मलाही हसू आवरेना.

"केसभर वाढवा," मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हातारा टाळी वाजवून ओरडला.

स्पर्धेच्या दिवशी वाऱ्याने नुसती धूळ उडत होती. माझा बोल्ट दर वेळी अलगद बसायचा आणि दर वेळी मला तिथेच नाचावंसं वाटायचं. मी पहिला आलो.