मोटरघरातलं पहिलं रीळ

कुंडलच्या नाथाजी आण्णांबरोबर पिक्चर बघायला बसू नये. मध्यंतराच्या आत ते गुन्हेगार कोण ते सांगून टाकतात आणि कधी चुकत नाहीत. आपल्या मजेची पार वाट लावतात.

तरुणपणी वीस वर्षं ते जत्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजचं मशीन चालवायचे. एकेक पिक्चर चाळीस चाळीसदा बघितलेला माणूस. आता सत्तरीला टेकलेत आणि गावच्या पाणी संस्थेची मोटर सांभाळतात. त्या मोटरीवर कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं हे ठरवणारी पेटी बसवली ती मी. मी अक्षता, सांगलीत प्रोग्रॅम लिहिते. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे माझं पहिलंच काम.

अठरा शेतकरी, रोज एकाची पाळी. पण पेटी मधूनच सगळं विसरायची आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करायची. सगळ्यात शेवटी पाळी असलेल्या चंद्राबाईंचा ऊस वाळायला लागला. संस्थेचे चेअरमन नानासो म्हणाले, "शनवारपातूर चूक घावली तर ठीक, न्हाईतर पेटी उचला." चार दिवस मी प्रोग्रॅमची ओळन् ओळ पिंजली. काही सापडेना. डोकं फिरायची वेळ आली.

शुक्रवारी सकाळी मोटरघरात लॅपटॉप आपटला, तर आण्णा चहा ओतता ओतता म्हणाले, "कुठनं बगतीयास?"

"जिथं बिघडतं तिथनं."

"म्हंजी शेवटच्या रिळापासनं. खून तितं दिसतोय गं, खुनी न्हाई. खुनी पयल्या रिळात च्याचा कप ठेवून गेलेला असतोय, आन् आपुन त्येच्याकडं बगतच न्हाई. कवा कवा बिघडलं ते सांग. त्या दिशी हितं कोण येऊन गेलं ते बगू."

कॉलेजात चार वर्षं आम्हाला हेच शिकवलं, फक्त इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी चिडूनच तीन महिन्यांतल्या तीन तारखा वाचल्या. आण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. पहिल्या तारखेवर काळा गोल. दुसरीवर काळा गोल. बोट थोडं थांबलं, मग तिसरीवर गेलं. तीही अमावस्या.

आण्णा खुर्चीवर बसले. "अक्षता, खुनी घावला. मीच हाय."

दर अमावस्येला ते मोटरीला नारळ फोडतात. ओल्या हाताला शॉक नको म्हणून मेन स्विच पाडतात आणि माझ्या पेटीच्या बॅटरीची वायरही काढतात. लाईट गेली तर पेटी बॅटरीवर जगायची. बॅटरीही काढली की पाळी विसरायची. माझा बापही दर अमावस्येला ट्रॅक्टरपुढं नारळ फोडतो, पण माझ्या शिकलेल्या डोक्यात हे आलं नाही.

मग मला उमगलं. दुसऱ्या तारखेलाच आण्णांना कळलं होतं की वाट त्यांच्याच दाराशी येतेय. तरी त्यांनी तिसरी बघितली.

"आण्णा, कुणाला सांगू नका," मी म्हणाले. "पाळी पेटीत कायमची लिहून ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही. दहा ओळींचं काम आहे. गुपचूप करून टाकते."

"शेवटचं रीळ दाखवायचं न्हाई व्हय? लोक तंबू फाडत्यात गं."

शनिवारी बैठकीत आण्णा उभे राहिले. चंद्राबाईंकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचा ऊस माज्यामुळं वाळला." आणि वायरीची सगळी हकीकत सांगितली.

नानासोंनी विचारलं, "पर ही चूक धरली कुणी?"

मी तोंड उघडलं, तोवर आण्णा म्हणाले, "ह्या पोरीनं. लय हुशार हाय. पेटी ऱ्हाऊ द्या." आणि माझ्याकडं असं बघितलं की मला पुढं बोलताच आलं नाही. ज्यांनी कधी चुकीचं नाव घेतलं नाही, ते माझ्यासाठी खोटं बोलले. घरी जाताना गाडीवर मला रडू आलं.

त्या दहा ओळी मी पेटीत घातल्या आणि पुढच्या अमावस्येला मुद्दाम मोटरघरात गेले. आण्णांनी स्विच पाडला, वायर काढली, नारळ फोडला, हात पुसून वायर परत जोडली. आम्ही दोघं पेटीकडं बघत उभे राहिलो. आधी ती अशा वेळी पहिलं नाव दाखवायची. आज तिथं, जिची पाळी होती त्या चंद्राबाईंचं नाव आलं.