न्हाणीतलं सातवं पातेलं

शिरपूरच्या त्या अंगणातली पातेली मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मी चाळीसगावला निरीक्षक होतो. एका सकाळी ठाणे अंमलदारानं एका कापडवाल्याला माझ्यासमोर उभं केलं. गावातल्या एका मंडपवाल्यानं जिल्हा न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि त्यात या गृहस्थांची उधारी बुडत होती. "साहेब, त्यानं लग्नातली सहा मोठी पातेली शिरपूरला मेव्हण्याकडे लपवलीत. यादीत एकही नाही!"

दिवाळखोरी म्हणजे हात वर केले की झालं, असं नसतं. कोणाचं किती देणं, आपल्या मालकीचं काय काय, हे सगळं शपथेवर लिहून द्यायचं आणि ती मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करायची. जाणूनबुजून काही लपवलं तर कर्जमुक्ती राहिली बाजूला, तुरुंगाची वेळ यायची. आणि माणूस लपवतोच, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. मी मनात निकाल लावून मोकळा झालो.

मंडपवाल्याला बोलावलं. आधी चहा पाजला, मग आवाज चढवला. तो मान खाली घालून एकच म्हणे, "पातेली माझी नाहीत."

"मग काय माझी?"

त्यानं हात जोडले. "बायकोची. तिचं नाव पोलीस ठाण्यात यायला नको होतं, साहेब."

मी हसलो. असली उत्तरं मला पाठ होती.

पंच घेऊन शिरपूर गाठलं. त्याची बायको तिथेच, भावाकडे होती. अंगणात सहा पातेली पालथी. तिनं एकेक उलटून काठ दाखवला. प्रत्येकावर तिचं नाव, वडिलांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. बाप आचारी होता, लेकीला लग्नात त्यानं आपल्या धंद्याचीच भांडी दिली होती. म्हणजे स्त्रीधन! ते नवऱ्याच्या यादीत येतच नाही. माझा चेहरा चांगलाच पडला.

कागद गुंडाळत होतो, तेवढ्यात बाई न्हाणीत गेली. आतलं पाणी ओतून सातवं पातेलं घेऊन आली. त्यावर नवऱ्याचं नाव होतं.

"साहेब, हाई त्यासनं शे. यादीमा लिखानं राही गयं. लिखी ल्या."

तिच्या भावानं कपाळावर हात मारला. मी मात्र लिहून घेतलं. न्यायालयानं यादीत ती भर मान्य केली, लबाडीचा आरोप टिकला नाही आणि यथावकाश मंडपवाला कर्जातून मोकळा झाला.

आयुष्यभर मी लोकांनी लपवलेलं शोधत आलो, त्यात तरबेजही होतो. पण न्हाणीत बघायचं मला सुचलं नव्हतं, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी पंचनाम्यावर सही करताना मला तिच्याकडे बघवेना.